साडेतीन पाने

"इथलं पान कुठे गेलं?" उद्यानविद्येच्या आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला तेव्हा मला त्याचे उत्तर देता आले नाही.

टेबलावर एकाच चित्राच्या एकेचाळीस प्रती ओळीने मांडल्या होत्या. चित्र त्सुबाकीचे, म्हणजे युरोपातले लोक ज्याला कॅमेलिया म्हणतात त्या फुलाचे. एक लहानशी फांदी, तिच्या टोकाला एकेरी पाकळ्यांचे पांढरे फूल, आणि पाने. सव्वीस प्रतींमध्ये पाने चार आहेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या पानाची डावी बाजू अळीने अर्धचंद्रासारखी खाऊन टाकलेली आहे. उरलेल्या पंधरा प्रतींमध्ये पाने तीन. चौथे पान जिथे असायला हवे तिथे फांदीवर एक फिकट वण आहे, देठ गळून पडल्यावर राहतो तसा. एकेचाळीसही प्रती एकाच हातच्या आहेत, याबद्दल जाणकारांत दुमत नाही.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर पुढे माझ्या आईकडून मिळाले. उरलेले अर्धे जिच्यापाशी होते ती बाई, मुराकोशी नुई, तोवर हयात नव्हती. खाली जे लिहिले आहे त्याला आधार तीन: आईचे सांगणे, रोपवाटिकेच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या नकला, आणि ते एकेचाळीस कागद. जिथे या तिन्हींचा मेळ बसला नाही तिथे मी कागदांवर विश्वास ठेवला आहे.

योकोहामाच्या टेकडीवर त्या काळी परदेशात रोपे पाठवणारी एक रोपवाटिका होती. लिलीचे कंद, मेपल, पिओनी, त्सुबाकी अशी तिची निर्यात. रोप बोटीने जाते, पण त्याचे फूल बोटीत बसून दोन महिने टिकत नाही. म्हणून प्रत्येक जातीचे चित्र हाताने रंगवून, त्यांचे अल्बम बांधून ते युरोपातल्या एजंटांकडे धाडले जात. या कामासाठी उत्तरेकडे खिडक्या असलेली एक लांबट खोली होती आणि तिथे चार-पाच बायका दिवसभर मांडी घालून रंगवत बसत. प्रत्येक चित्राची एक मालकीण ठरलेली असे. मूळ नमुना तिने काढायचा, आणि पुढे जितक्या प्रती लागतील तितक्याही तिनेच. त्सुबाकीच्या अल्बममध्ये चोवीस चित्रे होती. त्यांतले सतरावे नुईचे.

माझी आई चिसे १८९७ साली त्या खोलीत आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. नुई छत्तीस. आईची जागा नुईच्या डाव्या हाताला होती, आणि पंधरा वर्षे तीच राहिली.

खोलीत पाहण्यासाठी दोन पुस्तके ठेवलेली असत. एक जुन्या राजवटीतले, घड्या घातलेल्या लांब कागदाचे. कुणा माळ्याने आपल्या बागेतल्या त्सुबाकी एकामागून एक काढून ठेवलेल्या. कुठे पाकळीची कड तपकिरी पडलेली, कुठे फूल पाठमोरे, कुठे फांदीवर काल रात्रीचे दव. प्रत्येक फुलाशेजारी त्याचे नाव आणि दुसरे काही नाही. दुसरे पुस्तक युरोपातले, दोन हातांनी उचलावे लागणारे, एका परदेशी व्यापाऱ्याने उसने दिलेले. त्यात फुलांच्या पाकळ्या कौलांसारख्या एकीवर एक, मोजून मापून बसलेल्या. पाने निष्कलंक. कागदाच्या तळाशी फुलाचे दोन भाग करून आतले पुंकेसर उघडे मांडलेले. जुन्या माळ्याने त्या दिवशी, त्या झाडावर दिसले ते फूल काढले होते. युरोपी चित्रकाराने कुठल्याही दिवशी, कुठल्याही झाडावर खरे ठरेल असे फूल काढले होते. दोघेही प्रामाणिक होते, एवढे मात्र दोन्ही पुस्तके बराच काळ समोर ठेवल्यावरच ध्यानात येते. चित्रखोलीतल्या बायकांना तेवढा वेळ नव्हता.

"नुई-सान, हे बघा तरी," आई म्हणे. "एवढ्या पाकळ्या, आणि एक वाकडी नाही."

"वाकडी कशी असेल? तिकडे फुलं उमलायच्या आधी सरकारची परवानगी घेत असतील."

"आणि पानं? एकालाही भोक नाही. तिकडे अळ्याच नाहीत का हो?"

"असतील की. चित्रकार यायच्या दिवशी उपाशी ठेवत असतील बिचाऱ्यांना."

नुईने कधी फूल चिरले नव्हते. पहिल्यांदा युरोपी पद्धतीने आतला भाग दाखवायची वेळ आली तेव्हा तिने पातळ सुरीने फुलाचे दोन भाग केले, सुरी पुसली आणि म्हणाली, "मासा साफ केल्यासारखं वाटतं. फक्त वास नाही." त्यानंतर ती उत्तम चिरू लागली. तिने काढलेले पुंकेसर आजही भिंगाखाली मोजता येतात.

सतराव्या चित्राच्या बाबतीत मात्र तिने युरोपी पुस्तकाकडे पाहिले नव्हते. ते चित्र चित्रखोलीत काढलेलेच नव्हते.

तिचा नवरा तोकुजी त्याच रोपवाटिकेत कलमे बांधत असे. कलम बांधणारा माणूस बी पेरत नाही, कारण बियातून काय येईल याची खात्री नसते आणि फुलाला दहा-दहा वर्षे लागतात. तोकुजीने मात्र लग्नाच्या वर्षी, १८८२ साली, परसात त्सुबाकीचे एक बी पेरले. सोबतचे माळी त्याला म्हणत, "तोकु, कलमवाल्याने बी पेरणं म्हणजे सुताराने टेबलासाठी जंगल लावणं." तो म्हणे, "टेबल नको आहे मला. काय उगवतं ते बघायचंय." त्यांना मूल झाले नाही. दर उन्हाळ्यात त्या रोपावर अळ्या येत, पानाच्या कडेला खांद्याला खांदा लावून बसत आणि एका ओळीत खात मागे सरकत. त्यांच्या केसांनी अंगावर गांध्या उठतात, म्हणून तो त्या जेवणाच्या जुन्या काड्यांनी उचलून राखेत टाकी. तरी त्याचे मनगट सदा लाल. नुई त्यावर तेल चोळायची आणि म्हणायची, "लेकराच्या गोवरातसुद्धा इतकं तेल लागलं नसतं."

१८९३च्या फेब्रुवारीत, अकराव्या वर्षी, त्या झाडाला पहिले फूल आले. त्या सकाळचे बोलणे नुईने आईला इतक्यांदा सांगितले होते की ते आईला पाठ होते.

"अगं, ये बाहेर. लवकर ये. हळू ये."

"लवकर येऊ का हळू येऊ?"

"आवाज न करता लवकर ये."

पांढरे, एकेरी, पाच पाकळ्यांचे फूल. त्यातल्या एका पाकळीच्या मागे गुलाबी सावली, इतकी फिकट की बाजूला सरकले की दिसेनाशी व्हावी. तोकुजीने त्याचे नाव ठेवले यामाकागे, डोंगराची सावली. त्याने ती लहान फांदी कापली आणि नुईपुढे ठेवली. त्सुबाकी मांडायची तर एक फूल आणि साडेतीन पाने, असा आमच्याकडचा जुना दंडक आहे. अर्धे पान म्हणजे फाटलेले किंवा अळीने खाल्लेले. सगळीच पाने धड असली तर फांदी बाजारातून आणल्यासारखी दिसते. एरवी मांडणाऱ्याला एखादे पान मुद्दाम फाडावे लागते. इथे झाडाने दंडक आपणहून पाळला होता. खालचे पान अर्धे खाल्लेले होते.

तरी नुई म्हणाली, "हे जरा जास्तच खाल्लंय. थोडं भरून काढते."

"नको," तोकुजी म्हणाला. "उन्हाळ्यात मी तीन दिवस लिलीचे कंद आणायला डोंगरात गेलो होतो, तेव्हा खाल्लंय ते. माझी गैरहजेरी आहे ती. राहू दे."

तिने तसेच काढले. झाडावर तेवढ्यात दुसरी कळी उमलली आणि पाचव्या दिवशी ते फूल खाली पडले. त्सुबाकीचे फूल पडते तसे अख्खे, पाकळ्या न विखुरता. आजाऱ्याकडे किंवा प्रवासाला निघालेल्याकडे ही फुले कुणी नेत नाही, कारण मान उडाल्यासारखी ती गळतात. आणि तोकुजी दोन आठवड्यांनी प्रवासाला निघणार होता. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या एका रोपवाटिकेने त्सुबाकीच्या चाळीस पेट्या मागवल्या होत्या. वाटेत त्यांना पाणी घालायला, ऊन दाखवायला माणूस हवा होता. शेजारच्या बायका पडलेल्या फुलाकडे बघून जिभेने च्‌-च् करू लागल्या. तोकुजीने ते उचलून उताणे ठेवले. "मुंडकं उडालं तरी हसतंय बघा कसं," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी नुईने त्सुबाकीची फुले घरात आणली नाहीत. पण त्सुबाकीच्या दोन पानांमध्ये दाबलेले गोड तांदळाचे लाडू केले, कारण पानांबद्दल कुणाचेच काही म्हणणे नसते. धक्क्यावर त्याने लाडू खाल्ला आणि पाने टाकून न देता बाहीत ठेवली.

त्याचे एकच पत्र आले, त्या वर्षीच्या जूनमधले. पत्राची नक्कल नाही. आईने ऐकलेला मजकूर आहे. रोपे पोचली, तीन पेट्या गेल्या. मालकाने वर्षभर राहायला सांगितले आहे. इथे त्सुबाकी काचेच्या घरात राहतात, त्यांना पाऊस ठाऊक नाही. बटाटा रोज असतो. आणि शेवटी: "इकडे बियाण्यांच्या दुकानांत आपल्या कंपनीची चित्रं खिडकीत टांगतात. परवा तुझ्या हातचा मेपल दिसला. नाव नव्हतं, पण ओळखला. दुकानदार हाकलेपर्यंत उभा होतो."

त्यानंतर काही नाही. १८९५ साली कंपनीने चौकशी केली. त्या उत्तराची नक्कल मात्र दप्तरात आहे. 'सदर इसम मागील वर्षीच्या शरद ऋतूत काम सोडून गेला. सध्याचा ठावठिकाणा माहीत नाही.' चित्रखोलीचे काम पाहणारे इसोगाया यांनी ते नुईला वाचून दाखवले. इसोगाया किमोनोवर विलायती हॅट घालत, आणि वाईट बातमी देताना ती काढून हातात धरत.

"मेल्याचं नाही ना लिहिलेलं?" नुईने विचारले.

"नाही. तसं नाही लिहिलेलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि जाऊन जागेवर बसली.

माळ्यांसाठी असलेले घर तिला सोडावे लागले. ती टेकडीखालच्या लाकडी चाळीत एका खोलीत राहायला गेली. झाड रोपवाटिकेच्या जमिनीत होते, ते तिथेच राहिले. कंपनीने त्यावरून कलमे बांधली आणि १८९६ साली यामाकागे सूचीत सतराव्या क्रमांकावर आली. चित्रासाठी नुईने तीन वर्षांपूर्वीचा आपला कागद आणून दिला. इसोगायांना तो पसंत पडला.

यानंतरची सात वर्षे थोडक्यात सांगता येतात, कारण त्यांत काही घडले नाही. वर्षाला वीस-पंचवीस अल्बम जात. प्रत्येकातले सतरावे चित्र नुई काढी: शिंपल्याच्या पांढऱ्या भुकटीचे तीन हात, पाकळीमागची सावली एका श्वासात, पानांना निळा आणि पिवळा, चकाकीसाठी वरून पातळ सरस. शेवटी अर्धे पान. सव्वीस प्रतींतले ते सव्वीस चावे मी एकमेकांवर ठेवून, उजेडासमोर धरून पाहिले आहेत. कड केसाइतकीही सरकलेली नाही. आई सांगे की बाकी चित्र रंगवताना नुई बोलायची, हसायची, दुसरीच्या चुका काढायची. त्या कडेपाशी आली की गप्प व्हायची. एकदा आईने न राहवून विचारले होते, "एवढं काय मोजून काढता? अळीने काय मोजून खाल्लं होतं?"

"अळीने नव्हतं मोजलं," नुई म्हणाली. "पण ज्याने झाड लावलं त्याने दहादा बघितलंय. तो मोजेल."

तेव्हा आईला कळले की ही चित्रे गिऱ्हाइकांसाठी नाहीत. युरोपात कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खिडकीत हा कागद टांगला जाईल. रस्त्याने जाणारा एक माणूस थांबेल. यामाकागे सूचीत आल्याचे त्याला त्यातून कळेल, आणि ती कोण काढते आहे हेही. चित्रावर सही करायची परवानगी नव्हती. तो चावा हीच तिची सही होती, आणि पत्रही तेच. उलटटपाली काही यायचे नाही, हे धरूनच ती ते पाठवत होती.

चाळीतल्या खोलीत ती एकटीच जेवे. दोन वाट्या मांडायची तिची सवय बराच काळ गेली नव्हती, असे शेजारीण सांगे. पुढे ती गेली, म्हणजे एके दिवशी दुसरी वाटी फुटली आणि तिने नवी आणली नाही.

१९०३च्या जानेवारीत हॅम्बुर्गच्या एजंटाचे पत्र आले. इसोगाया ते घेऊन चित्रखोलीत आले. हॅट हातात होती.

"बाई, सतराव्याबद्दल आहे. वाचतो. 'आधीच बंदरावरचे तपासनीस किडीच्या संशयाने प्रत्येक पेटी उपसतात. अशात तुम्ही स्वतःच कीड रंगवून पाठवता. काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, कीड रोपाबरोबर मिळते की वेगळी मागवावी लागते.'"

खोलीतल्या बायका हसल्या. नुई हसली नाही.

"ते पान तसंच होतं," ती म्हणाली.

"दहा वर्षांपूर्वी होतं."

"चित्रही दहा वर्षांपूर्वीचंच आहे."

"हे बघा, मला काय कळत नाही का? माझ्या घरीही फूल मांडतात. साडेतीन पानं मलाही लागतात. पण ही चित्रं आपल्या भिंतीवर लागत नाहीत ना! त्यांना अर्धं पान दिसत नाही, त्यांना कीड दिसते. अख्खं पान काढा. कुणाचं काय बिघडतंय?"

नुई रंग घोटत राहिली.

इसोगायांनी हॅट डोक्यावर ठेवली. "नसेल जमत तर सतरावं चिसेला द्या. मार्चचे अल्बम वीस तारखेला बोटीवर जायचेत."

आईला त्या क्षणी जमीन दुभंगावी असे वाटले. ते गेल्यावर ती म्हणाली, "नुई-सान, मी नाही घेणार. खरंच नाही घेणार."

"घेशील. न घेऊन काय करशील? तुला सासू पोसायची आहे." मग म्हणाली, "तुझा हात त्यांना, झाड लावणाऱ्याला, ओळखू येणार नाही, एवढंच."

तीन दिवस तिने सतराव्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशी कागद घेतला, फूल काढले, तीन पाने काढली, आणि चौथे पान काढले: अख्खे, धड, सुरेख. खोलीतल्या सगळ्या उठून बघायला आल्या, इतके ते पान चांगले उतरले होते. नुईने कागद हाताच्या अंतरावर धरून पाहिला. "कुणाचं झाड आहे हे?" तिने विचारले. ती ब्रश धुऊन घरी गेली. तो कागद उरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत ती आईला म्हणाली, "चल, झाड बघून येऊ."

आईला वाटत होते की ती दर फेब्रुवारीत जात असणार. ती घर सोडल्यापासून एकदाही गेली नव्हती. वाट टेकडीच्या मागून, कलमांच्या वाफ्यांमधून वर जाते. जुन्या घरात आता दुसरा माळी राहत होता. दोरीवर त्याच्या मुलांचे कपडे वाळत होते. झाड छपराच्या वर गेले होते आणि फुलांनी भरले होते. खाली शेवाळावर पडलेली फुले उताणी, आकाशाकडे बघत. नुईने वर पाहिले, मग खोडाच्या आसपास, मग खालच्या फांद्यांत. ज्या फांदीचा तुकडा तोकुजीने कापला होता ती कोणती, हे तिला सापडेना. त्या उंचीवर आता फांद्याच नव्हत्या. खोड गुळगुळीत राखाडी झाले होते.

ती काय शोधते आहे, हे आईला कळायला वेळ लागला. तोकुजीने कापलेल्या फांदीचे पान त्याच आठवड्यात सुकले असणार, हे उघड होते. पण त्या उन्हाळ्यात अळ्यांनी खाल्लेली आणखी पाने झाडावर होती. नुई त्यांतले एखादे शोधत होती.

"नुई-सान," आई शेवटी म्हणाली, "त्सुबाकीचं पान तीन वर्षं टिकतं. फार तर चार."

"ठाऊक आहे."

"मग?"

"ठाऊक होतं. बघितलं नव्हतं."

माळ्याच्या बायकोने आतून ओरडून विचारले, "कोण हवंय?" आणि नुई म्हणाली, "कुणी नाही. फुलं बघतोय." बायकोने बार्लीचा चहा आणून दिला. स्वतःच्याच परसात पाहुणी होऊन नुईने तो चहा पायरीवर बसून घेतला, पेला उलटा करून ठेवला आणि यजमानिणीचे आभार मानले.

त्या दुपारी तिने नवा कागद घेतला. फूल काढले, तीन पाने काढली. चौथ्या पानाच्या जागी तपकिरीत जरा पांढरा मिसळून एक वण काढला, डाळीच्या दाण्याएवढा. त्यावर ती चाव्याच्या कडेइतकाच वेळ बसली होती, असे आई सांगते.

इसोगायांनी प्रती मोजताना हा कागद उचलला आणि नुसतेच पाहत राहिले.

"अर्धं कुठे?"

"गळालं."

"कुठे गळालं?"

"झाडावरून. दहा वर्षं झाली. पानं गळतात."

इसोगायांना हसू आले. "कीडही गेली आणि पानही गेलं. हॅम्बुर्गवाले खूश होतील." कागद ठेवता ठेवता ते थांबले. "पण बाई, हे तिकडच्यांना कळायचंच नाही. तीन धड पानं, एवढंच दिसेल. इथे काही नाही, हे फक्त आपल्याच माणसाला दिसणार."

"हो," नुई म्हणाली.

ते गेल्यावर आईने हळूच विचारले, "पण तोकुजी-सान ओळखतील का? खूण तर गेली."

"चावा अजून तसाच दिसला असता तर म्हणाले असते, ही बाई खोटं काढायला लागली," नुई म्हणाली. "दहा वर्षं एक पान कसं टिकेल? झाडाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." ती पुढच्या कागदावर पांढरा रंग चढवू लागली होती. "त्यांची गैरहजेरी मी सात वर्षं ताजी ठेवली. आता जेवढी जुनी आहे तेवढी काढते."

अभ्यासक म्हणून मला इथे थांबावे लागते. त्या वणाचे दोन अर्थ संभवतात. एक असा की नुईने वाट पाहणे सोडले आणि ते सोडल्याची पोच त्या कागदावर दिली. दुसरा असा की तिने वाट पाहणे सोडले नाही; फक्त परत येणाऱ्या माणसाला दहा वर्षांपूर्वीचे घर दाखवायचे नाही, आजचे दाखवायचे, असे ठरवले. आईला मी हे विचारले तेव्हा ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. "पुढे नऊ वर्षं शेजारी बसले," ती म्हणाली. "मी नाही विचारलं. तुला विचारायचं तर जा विचार." नुई वारलेली आहे, असे मी म्हटले. "तेच," आई म्हणाली.

१९०३ ते १९१२ या काळातल्या पंधरा प्रती आज शाळेच्या खणात आहेत. बाकीच्या युरोपात गेल्या. त्यांच्याबद्दल तिकडून कुणाचेही, कधीही, काही पत्र आलेले नाही. तक्रार तर नाहीच. दर फेब्रुवारीत नुई आता झाड बघायला जाई आणि माळ्याच्या बायकोकडे चहा घेई. तिची नजर अधू होत गेली. शेवटच्या प्रतींमध्ये पाकळीमागची गुलाबी सावली जरा गडद झाली आहे, कारण तितकी गडद असल्याशिवाय ती तिला दिसत नव्हती. वण मात्र तेवढाच आणि तिथेच आहे.

१९१२च्या डिसेंबरात तिने ब्रश बांबूच्या चटईत गुंडाळून आईला दिले. मूळ नमुना तिने आपल्यापाशी ठेवला होता. १९१७ साली ती गेल्यावर तो तिच्या खोलीत सापडला. तो दुरुस्त केलेला नाही. अर्धे पान त्यावर आहे, आणि मागे तोकुजीच्या अक्षरात फुलाचे नाव.

सतरावे चित्र आईकडे आले. तिने फूल काढले, तीन पाने काढली, आणि ब्रश धरून बसून राहिली. इसोगाया म्हणाले, "काय अडलं? झालं की."

"नाही झालं. चौथं राहिलंय."

"चौथं नाहीच आहे."

"तेच मला काढता येत नाही," आई म्हणाली.

१९१४ सालच्या सूचीत सतराव्या क्रमांकापुढे 'यामाकागे, फूल पांढरे, एकेरी' एवढेच छापलेले आहे, आणि त्या वर्षीच्या अल्बममध्ये चित्रे तेवीस आहेत.